जलविच्छेदक विद्युत् घटांचे आयुष्य आणि तापमानाचा प्रश्न

पाण्याचे विद्युत्-विच्छेदन हा प्रयोग शाळकरी विद्यार्थ्यालाही परिचित असतो. काचेच्या दोन नळ्या, किंचित आम्ल मिसळलेले पाणी, प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या आणि एक घटमाला एवढ्या सामग्रीवर तो पार पडतो. एका नळीत हायड्रोजन व दुसरीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन जमला की प्रयोग संपतो. हे उपकरण किती काळ टिकेल, असा प्रश्न वर्गात कोणी विचारीत नाही व विचारण्याचे कारणही नसते. कारखान्यातील घटाची गोष्ट निराळी आहे. तो अहोरात्र चालावा लागतो; आणि पाच वर्षे म्हणजे जवळजवळ ४४,००० तास, एवढा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे प्रयोगशाळेत क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी तेथे निर्णायक का ठरतात हे ध्यानात येते. तापमान ही अशा गोष्टींपैकी एक होय. या विषयाच्या इतिहासग्रंथांत विद्युत् अग्रांच्या व पडद्यांच्या शोधांना भरपूर जागा मिळाली आहे. तापमानाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या तक्त्याच्या रकान्यात येतो. ही उपेक्षा योग्य नव्हे. घट कोणत्या तापमानाला चालवायचा या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदलत गेले, आणि ते रसायनशास्त्राच्या नियमांपेक्षा हाताशी असलेल्या पदार्थांच्या दुबळेपणानेच अधिक ठरत आले, असे या इतिहासावरून दिसते.

प्रारंभीच्या शंभर वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १७८९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे पेट्स व्हान ट्रोस्टवेक व डायमान या दोघांनी घर्षणयंत्राच्या ठिणग्यांनी पाण्याचे विघटन घडवून आणले. व्होल्टा यांनी आपल्या घटराशीचे वर्णन करणारे पत्र २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना धाडले. आणि ते छापून निघण्यापूर्वीच, २ मे १८०० रोजी, निकोलसन व कार्लाइल यांनी तशी घटराशी उभारून पाण्यातून वायू निघताना पाहिले. त्याच वर्षी जर्मनीत रिटर यांनीही हाच प्रयोग केला. फॅरडे यांचे नियम १८३३-३४ चे. या सर्व कामात तापमान ही नोंद करून ठेवण्याची बाब होती, नियंत्रण करण्याची नव्हे. वीज महाग, घट लहान, प्रवाह अल्प. त्यामुळे घट तापण्याचाच प्रसंग येत नसे.

तो प्रसंग डायनॅमोच्या आगमनानंतर आला. तेथपासूनचा इतिहास समजण्यासाठी घट तापतो का, आणि त्याला तापू देण्याचा मोह का होतो, हे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

ऊष्मागतिकीच्या दृष्टीने २५° से. तापमानाला पाण्याचे विघटन होण्यास किमान १.२३ व्होल्ट विद्युत् दाब लागतो. परंतु या दाबाला विक्रिया चालली तर घट आजूबाजूची उष्णता शोषून घेतो व थंड होऊ लागतो. उष्णता बाहेरून न घेता व बाहेर न टाकता विक्रिया चालण्यासाठी १.४८ व्होल्ट लागतात. हा आकडा या विषयात पायाभूत आहे. व्यवहारातील घट याहून बऱ्याच अधिक दाबावर, म्हणजे १.८ ते २.२ व्होल्टवर चालतात. कारण द्रवाचा रोध, पडद्याचा रोध आणि दोन्ही अग्रांपाशी विक्रिया वेगाने घडवून आणण्यासाठी द्यावा लागणारा अधिविभव या सर्वांची भरपाई करावी लागते. १.४८ च्या वर जे जे व्होल्ट लागतात, ते सर्व उष्णतेच्या रूपाने घटातच उरतात. घट २ व्होल्टवर चालतो असे धरले, तर एक घनमीटर हायड्रोजनामागे सुमारे ४.८ किलोवॅट-तास वीज खर्च होते आणि तिच्यापैकी जवळजवळ सव्वा किलोवॅट-तास, म्हणजे सुमारे १,०७० किलोकॅलरी, उष्णता बनते. ती काढून टाकली नाही तर घट तापत जाणार हे उघड आहे.

आता मोहाची बाजू. तापमान वाढले की किमान दाब अंशामागे सुमारे ०.८५ मिलिव्होल्टने उतरतो. हा लाभ किरकोळ आहे. खरा लाभ अन्यत्र होतो. दाहक पोटॅशच्या ३० टक्के द्रावणाची विद्युत् संवाहकता २५° पासून ८०° पर्यंत जाताना दुपटीहून अधिक होते, आणि अग्रांपाशी लागणारा अधिविभवही उतरतो. एका घटाच्या दाबात दशांश व्होल्टची बचत म्हणजे घनमीटरमागे सुमारे पाव किलोवॅट-तासाची बचत. हजारो घनमीटर वायू दर तासाला तयार करणाऱ्या कारखान्याचा व्यवस्थापक घट गरम ठेवू पाहील यात नवल नाही. परंतु ज्या उष्णतेने इष्ट विक्रियेला वेग येतो तिनेच अनिष्ट विक्रियांनाही येतो. पोलाद गंजणे, पडदा विरघळणे, रबर कडक होऊन चिरणे, या विक्रिया कोणी मागितलेल्या नसतात. दहा अंश वाढले की विक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम त्यांनाही लागू आहे. विजेची बचत दर महिन्याच्या देयकात दिसते. घटाची झीज मात्र पाच-सात वर्षांनी, घट उघडल्यावर दिसते. या दोन हिशेबांच्या कालावधींतील अंतरामुळेच पहिला हिशेब नेहमी वरचढ ठरत आला.

उद्योगाचा आरंभ १८९० च्या आगेमागे झाला. रशियात लाचिनॉव्ह यांनी १८८८ मध्ये औद्योगिक प्रमाणावरील पद्धत सुचवली. फ्रान्समध्ये लष्करी बलूनांसाठी हायड्रोजन हवा होता. त्या खात्यातील कर्नल शार्ल रेनार यांनी आम्लाऐवजी अल्कधर्मी द्राव व प्लॅटिनमऐवजी लोखंड वापरण्याचा मार्ग धरला. हा बदल दिसायला साधा, पण त्यामुळेच हा उद्योग शक्य झाला; कारण अल्कात लोखंड टिकते. इटलीतील पोंपेओ गारुती यांच्या घटात दोन वायूंमध्ये चक्क धातूचा पडदा असे. १८९९ च्या सुमारास ओस्कार श्मिट यांनी गाळणयंत्राच्या धर्तीवर एकापुढे एक पट्ट्या दाबून बसवलेला घट तयार केला. त्यात पडदा होता ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा, कडेला रबर लावलेला. आजही वापरात असलेल्या घटांची ठेवण मूलतः श्मिट यांचीच आहे. आणि त्यांच्या घटाबरोबरच ॲस्बेस्टॉस व रबर हे दोन पदार्थ या उद्योगात स्थिरावले. पुढील पाऊण शतकाचे तापमान या दोघांनी ठरवले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या काळातील एक प्रयोग येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. डेन्मार्कमधील आस्कोव्ह या खेड्यातील लोकविद्यालयाचे शिक्षक पोल ला कूर यांनी १८९१ मध्ये पवनचक्कीवर डायनॅमो चालवून वीज निर्माण केली. वारा लहरी, वीज साठवायची कशी, हा प्रश्न त्यांनी गारुती यांच्या धर्तीच्या घटांनी पाण्याचे विच्छेदन करून सोडवला, आणि १८९५ ते १९०२ या काळात विद्यालयात हायड्रोजनचे दिवे लावले. हायड्रोजनात ऑक्सिजन मिसळल्यामुळे छोटे स्फोट होऊन इमारतींच्या खिडक्यांची तावदाने अनेकदा बदलावी लागली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. तिच्याकडे गंमत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः चढत्या-उतरत्या विद्युत् प्रवाहावर घट चालवला असता काय अडचणी येतात, याचा तो पहिला दाखला होय. प्रवाह कमी झाला की वायूची निर्मिती मंदावते, पण पडद्यातून एका वायूचे दुसऱ्यात झिरपणे तेवढे मंदावत नाही. त्यामुळे अशुद्धतेचे प्रमाण वाढते. या गोष्टीकडे शतकभर कोणाचे लक्ष गेले नाही, कारण पुढे हा उद्योग वाऱ्याच्या नव्हे तर धबधब्यांच्या आश्रयाने वाढला.

नॉर्वेतील र्‍यूकान खोऱ्यात वेमोर्क येथे १९११ मध्ये तत्कालीन जगातील सर्वांत मोठे जलविद्युत् केंद्र उभे राहिले. प्रथम त्याची वीज बिर्केलँड-आयडे पद्धतीने हवेतील नायट्रोजन बांधण्यासाठी खर्ची पडत असे. हाबर-बॉश पद्धत श्रेष्ठ ठरल्यावर तीच वीज हायड्रोजनासाठी वापरण्याचे ठरले आणि १९२९ मध्ये वेमोर्क येथे विद्युत्-विच्छेदनाचा प्रचंड कारखाना सुरू झाला. वीज अखंड आणि स्वस्त, थंड पाणी मुबलक, भार रात्रंदिवस स्थिर. घटाच्या प्रकृतीला याहून सुखाची परिस्थिती कल्पिता येणार नाही. याच परिस्थितीत ८०° से. हा आकडा रूढ झाला. त्याखाली राहिले तर वीज वाया जाते, त्यावर गेले तर पडदा जातो.

पडदा का जातो, हे नीट समजून घेतले पाहिजे. ॲस्बेस्टॉस हे मॅग्नेशियमचे तंतुमय सिलिकेट. आगीत ते टिकते म्हणून त्याची ख्याती. परंतु तप्त व तीव्र अल्क हा त्याचा शत्रू आहे. अल्क त्यातील सिलिका हळूहळू विरघळवून नेतो. ८०-९०° पर्यंत ही क्रिया इतकी मंद असते की पडदा वर्षानुवर्षे चालतो. १००° च्या वर ती झपाट्याने वाढते, तंतू मऊ पडतात, पडदा विरतो. विरलेला पडदा नुसता अकार्यक्षम नसतो. त्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्र येतात, आणि या मिश्रणात हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की ते ज्वालाग्राही होते. म्हणून ऑक्सिजनात हायड्रोजनाचे प्रमाण दोन टक्क्यांवर जाताच घट बंद करण्याची प्रथा आहे. इंग्लंडमध्ये इलफर्ड येथे ५ एप्रिल १९७५ रोजी अशा एका संयंत्रात वायूंचे मिश्रण होऊन स्फोट झाला व एक कामगार प्राणास मुकला. घटाचे आयुष्य हा केवळ घसाऱ्याच्या खात्याचा विषय नव्हे, हे या उद्योगातील माणसांना नव्याने सांगावे लागत नाही.

पोलादाचीही अशीच कथा आहे. थंड अल्कात ते सुरक्षित असते. पण तप्त अल्क आणि धातूतील ताण एकत्र आले की जोडांपाशी सूक्ष्म चिरा पडतात. वाफेच्या बाष्पित्रांत ही व्याधी पूर्वीपासून ज्ञात होती. त्यावर उपाय निकेलच्या मुलाम्याचा; तो महाग, आणि एखाद्या ठिकाणी मुलामा सुटला की तेथे गंज अधिकच जोमाने लागतो.

जड पाण्याच्या संदर्भात वेमोर्कचे नाव सर्वश्रुत आहे. तेथील उत्पादन १९३४ मध्ये सुरू झाले, आणि २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नॉर्वेच्या सैनिकांनी तळघरातील अठरा घट उडवून दिले, हा प्रसंग महायुद्धाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील वेगळी बाजू महत्त्वाची. विद्युत्-विच्छेदनात साधा हायड्रोजन आधी निघून जातो व ड्यूटेरियम मागे राहते. पण तापमान वाढले की ही निवड ढिली पडते. शिवाय ८०° ला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या ३५५ मिलिमीटर, तर ६०° ला तो १४९ मिलिमीटर असतो. द्रावणावर हे आकडे कमी भरतात, तरी घट जितका गरम तितके अधिक पाणी वायूंबरोबर वाफ होऊन जाते; आणि शेवटच्या टप्प्यात ते पाणी फार मोलाचे असते. म्हणजे खतासाठी हायड्रोजन हवा असता घट गरम ठेवणे हिताचे, आणि जड पाण्यासाठी तो थंड ठेवणे हिताचे. ‘योग्य तापमान’ ही घटाची अंगभूत संख्या नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

१९४८ च्या सुमारास त्स्डान्स्की यांनी लोन्झा कंपनीसाठी दाबाखाली चालणारा मोठा घट सिद्ध केला, आणि पुढे सुमारे ३० वातावरण दाबावरील संयंत्रे लुर्गी कंपनीने विकली. या दाबाला पाणी २३०° से. च्याही वर उकळते. उकळण्याची धास्ती अशा रीतीने संपली, बाष्पाचा अपव्यय घटला, वायूंचे बुडबुडे लहान झाले. तरीदेखील घटाचे तापमान फारसे वर गेले नाही. आजवर जी मर्यादा पाण्याच्या उत्कलनाची समजली जात होती ती ॲस्बेस्टॉसची होती, हे दाबाच्या घटांनी उघडे पाडले.

भारतात या तंत्राचा मोठ्या प्रमाणावर उपयोग पंजाबातील नांगल येथे झाला. भाक्रा-नांगल प्रकल्पाची वीज हाताशी होती, आणि तिला तेव्हा पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. १९५६ मध्ये खत कारखान्यासाठी कंपनी स्थापन झाली, १९६१ मध्ये उत्पादन सुरू झाले. दे नोरा या इटालियन संस्थेच्या बनावटीचे घट तासाला सुमारे तीस हजार घनमीटर हायड्रोजन देत. तो अमोनिया व त्यापासून कॅल्शियम अमोनियम नायट्रेट करण्याकडे जाई. १९६२ मध्ये त्यालाच जोडून देशातील पहिले जड पाण्याचे संयंत्र सुरू झाले. तुर्भे येथील ‘सायरस’ अणुभट्टी १९६० मध्ये कार्यान्वित झाली तेव्हा तिचे जड पाणी अमेरिकेतून आणावे लागले होते. त्या पार्श्वभूमीवर नांगलच्या संयंत्राचे महत्त्व लक्षात येते.

नांगलच्या आकड्यावरून एक सोपा हिशेब करता येतो. घट २ व्होल्टवर चालतात असे गृहीत धरले, तर तीस हजार घनमीटरमागे दर तासाला सुमारे ३ कोटी २० लक्ष किलोकॅलरी उष्णता घटांत निर्माण होणार. तिच्यातील काही भाग बाष्पाबरोबर व भिंतींवाटे जाईल हे खरे. पण सर्वच पाण्याने काढायची म्हटली आणि पाण्याला दहा अंश तापू दिले, तर ताशी ३,२०० टन पाणी फिरवावे लागेल. नॉर्वेतील बर्फाळ पाण्याने हे काम करणे निराळे आणि पंजाबच्या उन्हाळ्यात ते करणे निराळे. थंड करणारे पाणीच जेथे उन्हाळ्यात कोमट असते तेथे घट व पाणी यांच्यातील तापमानाचे अंतर कमी, म्हणून उष्णताविनिमयक अधिक मोठा, म्हणून खर्च अधिक. ८०° चा आकडा शीत प्रदेशातून उष्ण प्रदेशात नेताना आकडा बदलत नाही, पण तो राखण्याची किंमत बदलते. परदेशी यंत्राची कागदपत्रे वाचताना ही गोष्ट सहज नजरेआड होते. नांगलच्या घटांचा काळ मात्र तापमानाच्या प्रश्नाने संपला नाही. १९७० नंतरच्या दशकात विजेला शेती व अन्य उद्योगांकडून मागणी वाढली, आणि १९७८ मध्ये त्या कारखान्याच्या विस्तारात जळाऊ तेलापासून हायड्रोजन करण्याची पद्धत आली.

१९७३ च्या तेलसंकटाने या विषयात पुन्हा जीव ओतला. घट १२०° ते १५०° ला चालवता आला तर विजेत मोठी बचत होईल हे गणित जुनेच होते. आता त्यासाठी पैसा उपलब्ध झाला. ॲस्बेस्टॉसच्या जागी पोटॅशियम टायटॅनेटचे तंतू, टेफ्लॉन, पॉलिसल्फोन, सच्छिद्र निकेल ऑक्साइड असे कितीतरी पदार्थ चाचणीस आले. जर्मनीतील यूलिश येथे निकेल ऑक्साइडच्या पडद्यावर काम झाले. बेल्जियममधील मोल येथे प्रथम पॉलिअँटिमोनिक आम्लावर, आणि नंतर १९९० च्या दशकात झिर्कोनिया व पॉलिसल्फोन यांच्या मिश्र पडद्यावर. या शेवटच्याने व्यवहारात ॲस्बेस्टॉसची जागा घेतली. गंमत अशी की दरम्यान ॲस्बेस्टॉसचे उच्चाटन तापमानाच्या कारणाने झालेच नाही. ते फुप्फुसांच्या रोगांमुळे झाले. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, तेव्हाही चालू असलेल्या विद्युत्-विच्छेदन संयंत्रांच्या पडद्यांना सवलत ठेवावी लागली, इतका तो पदार्थ तेथे रुजला होता.

नवे पडदे अधिक उष्णता सोसू शकत होते. मग घटांचे तापमान वाढले काय? प्रयोगशाळेत वाढले, बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य घटांत ते ७०° ते ९०° मध्येच राहिले. पडद्याची अडचण दूर होताच तिच्यामागे दडलेल्या अडचणी पुढे आल्या. १००° च्या वर अल्कात निकेलचेही क्षरण वाढते, सांध्यांमधील लवचीक पदार्थ टिकत नाहीत, धातू व पडदा यांचे प्रसरण जुळत नाही. साखळीतील सर्वांत दुबळी कडी बदलली की दुसरी कडी सर्वांत दुबळी ठरते, एवढेच.

याच सुमारास घन बहुवारिकाच्या पटलाचा दुसरा पंथ उदयास आला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ग्रब यांनी १९५५ मध्ये पटलाची कल्पना मांडली, तिच्यावर नीड्राख यांनी भर घातली, आणि १९६५ मध्ये जेमिनी यानांतून असे इंधन-घट अंतराळात गेले. तेथील पहिली पटले लवकर जीर्ण होत. ड्यू पाँटमध्ये ग्रोट यांनी विकसित केलेले फ्ल्युओरिनयुक्त नाफियॉन पटल आल्यावर हा मार्ग पाण्याच्या विच्छेदनालाही मोकळा झाला. या घटात पटलाची जाडी मिलिमीटरच्या अंशाएवढी आणि प्रवाहाची घनता अल्कधर्मी घटाच्या कितीतरी पट असते. त्यामुळे येथे सरासरी तापमानापेक्षा स्थानिक तापमानाला महत्त्व येते. पाणी नीट न पोचलेल्या एखाद्या ठिकाणी पटल कोरडे पडते, तेथील रोध वाढतो, तेथे अधिक उष्णता निर्माण होते, आणि तापमापक मात्र बाहेर पडणाऱ्या पाण्याचे समाधानकारक तापमान दाखवीत राहतो. लोहाचे सूक्ष्म अंश पटलात शिरले तर त्यांच्या साहाय्याने पेरॉक्साइडपासून तीव्र मूलके बनतात व पटलाची साखळी तोडतात. पाण्यात उतरणाऱ्या फ्ल्युओराइडच्या मोजणीने ही झीज ओळखता येते, आणि ती तापमानाबरोबर वाढते असे वारंवार आढळले आहे. म्हणून हे घटही ५०° ते ८०° याच पट्ट्यात चालवले जातात. दोन सर्वस्वी भिन्न पदार्थ, दोन भिन्न व्याधी, आणि आकडा जवळजवळ तोच. हा योगायोग म्हणावा, की पाण्याने शीतन करणाऱ्या यंत्रांची ही सामायिक सोय म्हणावी, याबद्दल मतभेद संभवतो.

उच्च तापमानाच्या तिसऱ्या पंथाचे मूळ नेर्न्स्ट यांच्या दिव्यात आहे. झिर्कोनियात अन्य ऑक्साइडे मिसळून केलेली त्यांची कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे. आधी तापवावी लागे. हाच पदार्थ पुढे वाफेच्या विच्छेदनासाठी कामी आला. जर्मनीत १९७५ ते १९८७ या काळात ‘हॉट एली’ या नावाच्या प्रकल्पात नळीच्या आकाराचे घट १,०००° से. च्या आसपास चालवण्यात आले. अशा तापमानाला उष्णता न घेता-न देता विक्रिया चालण्याचा दाब सुमारे १.२९ व्होल्ट असतो, आणि घट त्याच्या दोन्ही बाजूंना चालू शकतो. त्याखाली चालवला तर घटाचा मध्यभाग थंड होतो, त्यावर चालवला तर तापतो. दोन्ही परिस्थितींत चिनीमातीसारख्या भंगुर पदार्थात असमान प्रसरणाने ताण येतो. बरोबर त्या दाबावर ठेवला तरच घट एकसारख्या तापमानाचा राहतो. तापमान-नियंत्रण म्हणजे शीतन अशी जी समजूत शंभर वर्षे रूढ होती ती येथे मोडली. विद्युत् दाब हाच येथे तापमानाचा लगाम झाला. उष्णतेने होणाऱ्या झिजेखेरीज मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजनच्या अग्रापाशी होणारी झीज निराळी. डेन्मार्कमधील ग्रेव्ह्ज, मोगेनसेन आदी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, घट काही तास विच्छेदनासाठी व काही तास इंधन-घट म्हणून आलटून-पालटून चालवला तर कायमची समजली जाणारी ही झीज टाळता येते. त्यांची चाचणी ४,००० तासांची होती. आरंभी दिलेल्या ४४,००० तासांच्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहावा.

अलीकडे या विषयाला पुन्हा जे महत्त्व आले आहे त्याचे कारण वारा व सूर्य. बव्हेरियातील नोयनबुर्ग येथे १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या सौर हायड्रोजन प्रकल्पापासून ही दिशा दिसू लागली होती. वेमोर्क वा नांगलचे घट वर्षानुवर्षे एकाच भारावर चालण्यासाठी घडवलेले होते. त्यांना ८०° ही एक स्थिर अवस्था होती. सूर्यावर चालणारा घट रोज सकाळी थंड असतो, दुपारी तापतो, रात्री पुन्हा निवतो. बंद होताना घटमालेत साठलेल्या वायूंमुळे काही काळ उलट प्रवाह वाहतो, ऋणाग्राचे ऑक्सिडीभवन होते, आणि घट त्या वेळी गरम असेल तर ही हानी अधिक. रोजच्या आकुंचन-प्रसरणाने सांधे ढिले होतात. हे टाळावे म्हणून रात्रभर घट उबदार ठेवावा, तर त्यासाठी वीज हवी. थंड होऊ द्यावा, तर सकाळच्या पहिल्या तासांत तो निकृष्ट कार्यक्षमतेने चालणार. शिवाय प्रवाह क्षणार्धात बदलतो, पण शेकडो लिटर द्राव व टनांनी मोजावे लागणारे पोलाद तापायला वा निवायला पुष्कळ वेळ घेते. बाहेर पडणाऱ्या द्रावाचे तापमान वाढलेले दिसल्यावर शीतनाची झडप उघडणारा नियंत्रक ढगाळ दिवशी सदैव मागे पडतो; प्रवाहाचीच मोजणी करून, तापमान वाढण्यापूर्वी, पाण्याचा ओघ बदलणारा नियंत्रक त्याहून उजवा ठरतो.

पोल ला कूर यांच्यापुढे ही अडचण दुसऱ्या बाजूने उभी राहिली होती, आणि त्यांचे उत्तरही दुसऱ्या बाजूचे होते. झोताझोताने येणाऱ्या वाऱ्याची असमानता घटापर्यंत पोचूच नये म्हणून त्यांनी चक्की व डायनॅमो यांच्यामध्ये पट्टा, वजने व कप्प्या यांची एक यांत्रिक रचना बसवली आणि तिला ‘क्रॅटोस्टॅट’ असे नाव दिले. वाऱ्याचा जोर वाढला की पट्टा घसरे. डायनॅमोला मिळणारी ओढ तेवढीच राही.